नॉक्स सेन्सर बदलायचा की आधी डोझर साफ करायचा?

एससीआर (धुरातला नॉक्स हा विषारी वायू युरिया फवारून कमी करणारी यंत्रणा) असलेल्या जुन्या बीएस-४ ट्रकवर पी२०ईई हा बिघाडाचा कोड पुसला तरी पुन्हा येतो, तेव्हा गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो नॉक्स मोजणारा सेन्सर बदलण्याचा. खरं तर हा कोड एवढंच सांगतो की एससीआर नॉक्स पुरेसा कमी करत नाही. सेन्सर गेला, असं तो म्हणत नाही.

सेन्सर बदलणं झटपट होतं, पण खिशाला चाट बसते. युरिया नीट फवारलाच जात नसेल, तर नवा सेन्सरही तीच तक्रार करणार. सेन्सरच्या हीटरचा किंवा वायरिंगचा वेगळा कोड असेल, तर मात्र हाच मार्ग बरोबर.

डोझर, म्हणजे युरिया फवारणारा भाग, साफ करायला वेळ मोडतो. नोझल काढून बघा. तोंडाशी मिठासारखे पांढरे खडे दिसले तर गोम तिथेच आहे. युरियाचे खडे गरम पाण्यात विरघळतात, स्क्रूड्रायव्हरने अजिबात खरवडू नका. टाकीतला डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण, रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावण किती दाट आहे ते दाखवणारं उपकरण) तपासा, युरिया ३२.५ टक्के हवा. पाणी घातलेला माल निघाला तर टाकी रिकामी करून धुवा. सायलेन्सरच्या जोडांवर काजळी दिसली तर तिथली गळतीही बंद करा.

एमुलेटर (सगळं ठीक असल्याचा खोटा सिग्नल देणारं यंत्र) लावून दिवा विझवणाऱ्यांच्या नादी लागू नका, तो विषारी वायू सगळ्यांच्या छातीत जातो. जुन्या गाडीवर मी आधी डोझरच उघडायला लावीन, आणि एवढं करूनही कोड परतला तरच सेन्सरला हात.