घर विकायचंय: कागद आधी की गिऱ्हाईक आधी?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या मावशी फ्लॅट विकताहेत. 'गिऱ्हाईकाचा पत्ता नाही, आत्ताच कागदांवर पैसे कशाला?' हा त्यांचा प्रश्न. इंग्लंड-वेल्समध्ये 2007 साली विक्रेत्यालाच माहितीचा संच आधी तयार करणं सक्तीचं केलं, तेव्हा लोक याच कारणाने चिडले होते. मे 2010 मध्ये ती सक्ती थांबवली. घराला वीज-इंधन किती लागतं ते सांगणारं ऊर्जा प्रमाणपत्र तेवढं राहिलं.

खर्चाचं बघा. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) आधी काढला तर तो बहुधा वाया जातो. गिऱ्हाईक कर्ज घेणार असेल, तर बँक आपल्या वकिलाकडून पुन्हा सर्च करतेच. इथे मावशींचं बरोबर.

टिकण्यात मात्र फरक आहे. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), जुन्या कर्जाचा बँकेचा ना-देय दाखला शिळे होत नाहीत. घरपट्टीची पावती दरवर्षी बदलते, ती शेवटी घ्या.

खरा घोळ वेळेचा. शेअर सर्टिफिकेट हरवलं किंवा ते अजून दिवंगत काकांच्या नावावर असेल, तर सोसायटीकडे अर्ज, वारसांच्या सह्या, यात महिने जातात. तोवर बयाणा दिलेलं गिऱ्हाईक गंगापूर रोडला दुसरा फ्लॅट बघतं! सोसायटीने हस्तांतर शुल्क वाट्टेल तेवढं मागितलं, तर महाराष्ट्रात महापालिका हद्दीत कमाल 25,000 रुपये हे लक्षात ठेवा.

एकाच नावावर, कर्ज नसलेलं, कागद कपाटात असलेलं घर असेल तर गिऱ्हाईक आल्यावर धावपळ केली तरी चालेल. वारसाहक्काचं किंवा जुन्या कर्जाचं घर असेल, तर मावशी, जाहिरातीआधीच सुरुवात करा. सर्च रिपोर्ट सोडून.