वेळ लवचिक करावी की गाडी वाटून घ्यावी?

हिंजवडीत कार्यालय आणि कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर येथून येणारी माणसे, अशी स्थिती असलेल्या कंपनीने जाण्यायेण्याचा ताण कमी करायचे ठरवले, की तिच्यासमोर दोन मार्ग येतात: कामाची वेळ लवचिक करणे किंवा एकत्र प्रवासाची सोय लावणे.

लवचिक वेळेला खर्च जवळजवळ नाही. साडेनऊला भूमकर चौकात अडकणारा माणूस दोन तास आधी निघाला, तर त्याचा वेळ वाचतो. रस्त्यावरची त्याची गाडी मात्र कायम राहते. फेऱ्याच घटवायच्या असतील, तर घरून काम द्यावे लागते. पाच दिवसांच्या आठवड्यात असा एक दिवस दिल्यास २० टक्के फेऱ्या वाचतात, परंतु सगळ्यांनी शुक्रवारच मागितला तर सोमवार ते गुरुवारची कोंडी तशीच राहील, म्हणून वार वाटून द्यावेत. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्यामुळे वेगवेगळे वार पुणेकरांना नवे नाहीत.

चौघांनी एक गाडी वापरली, तर रोज तीन गाड्या कमी होतात आणि पेट्रोलचा खर्चही विभागला जातो. आमच्या कार्यालयातील चौघे सव्वाआठला चांदणी चौकातून निघत. सकाळ सुरळीत जाई. संध्याकाळी एकाची बैठक लांबली, की उरलेले तिघे बॅगा खांद्याला लावून पार्किंगमध्ये ताटकळत. दुसरा महिना लागण्यापूर्वी दोघांनी पुन्हा दुचाकी काढली.

खरी अडचण येथेच आहे, कारण वेळ जितकी मोकळी सोडावी, तितके गाडीला सोबती मिळणे अवघड होते. म्हणून माझे मत असे, की साडेसात, नऊ आणि साडेदहा अशा तीन ठरावीक वेळा द्याव्यात, प्रत्येकाने तीन महिन्यांसाठी एक निवडावी आणि त्या गटातच भागानुसार गाड्या जुळवाव्यात. अडकलेल्यासाठी कंपनीने कॅबचे भाडे द्यावे. ही तरतूद नसेल, तर योजना सुरूच करू नये. महिलांना रात्री साडेनऊनंतर थांबायचे असल्यास त्यांची संमती आणि सुरक्षित वाहतूक राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बंधनकारक आहे.

कार्यालय कल्याणीनगरला असेल, तर हिशेब बदलतो. वनाज ते रामवाडी मेट्रो २०२४ पासून धावते. तेथे लवचिक वेळ आणि स्थानकापासून सामायिक रिक्षा एवढे पुरेसे ठरेल.