तरंगणारा ॲक्सोलॉटल: टब बरा की फ्रीज?

ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याला कल्ल्यांबरोबर फुप्फुसंही असतात. तो अधूनमधून वर येतो, हवा गिळतो, थोडा वेळ तरंगतो आणि मनात आलं की खाली जातो. त्याची काळजी नको. पण मागचा भाग वर उचललेला, पाय मारूनही तळ गाठता येत नाही, पाठ पाण्याबाहेर राहून सुकतेय, असं दिसलं की आधी टाकीचं तापमान, आणि घाणीतून पाण्यात साचणारी विषारी द्रव्यं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, तपासा. मग प्रश्न येतो, त्याला काही दिवस कुठे ठेवायचं: उथळ पाण्याच्या टबमध्ये, की पाण्याच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात टबने करा.

टब म्हणजे झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा. क्लोरीन काढलेलं पाणी इतकंच घ्यायचं, की चारही पाय तळाला टेकतील आणि पाठ, कल्ले मात्र बुडालेले राहतील. पाय टेकले की त्याची धडपड थांबते, अंग सुकत नाही, आणि शी झाली की नाही हे लगेच कळतं. फिल्टर नसल्यामुळे अमोनिया झपाट्याने साचतो, म्हणून रोज सगळं पाणी बदलायचं, तेही त्याच तापमानाचं. कंटाळा करून चालणार नाही.

टबची खरी अडचण उन्हाळ्यात. हा प्राणी मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को भागातल्या गार पाण्यातला, त्याला १६ ते १८ अंश मानवतात. पुण्या-नागपुरात एप्रिल-मेमध्ये डब्यातलं थोडंसं पाणी बघता बघता तापतं. २४ अंशांच्या वर पोटातलं अन्न कुजून वायू होऊ शकतो, म्हणजे तरंगणं उलट वाढतं. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टबला बाहेरून टेकवून ठेवा आणि थर्मामीटर बघत राहा.

फ्रीजमध्ये ५ ते ८ अंशांत शरीराचा सगळा कारभार मंदावतो. बुरशी आणि जिवाणूंची वाढही मंदावते, आणि अडलेली शी होते असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पण पचनही मंदावतं, त्यामुळे खाणं जवळजवळ बंद ठेवावं लागतं. गार पाण्यात एकदम टाकणं तर धोक्याचंच, तापमान टप्प्याटप्प्याने उतरवायला हवं. शिवाय उद्याच्या पाण्याचा दुसरा डबा आजच फ्रीजमध्ये भरून ठेवावा लागतो, नाहीतर रोज पाणी बदलताना त्याला तापमानाचा धक्का बसतो. त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, घरातलं कुणी पिऊ नये. तेव्हा बरेच दिवस शी झालेली नसेल, टबमध्ये पाणी गार राहतच नसेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल, तरच फ्रीजकडे वळा.

खडी गिळली असेल तर मात्र दोन्हींवर विसंबू नका. ॲक्सोलॉटल भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतो, त्यात खडेही जातात, आणि मोठा खडा आतच अडकू शकतो. तो एक्स-रेत दिसतो. पोट सगळीकडून फुगलं, त्वचेखाली लाली आली किंवा प्राणी उलटा होऊन पडला, तरी घरी वाट बघू नका. उभयचरांवर उपचार करणारे पशुवैद्य शोधा. पोट दाबून हवा काढायला तर अजिबात जाऊ नका, आणि मिठाच्या पाण्यानेही तरंगणं थांबत नाही, त्वचेला त्रास तेवढा होतो.

तो टबमध्ये आहे तोवर टाकीतली खडी काढून टाका. तळ मोकळा ठेवा किंवा अगदी बारीक वाळू घाला. खाणं पुन्हा सुरू करताना पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्या नकोत, कारण त्या घेताना हवाही पोटात जाते. छोटं गांडूळ चिमट्याने तळाशीच द्या.