फायनल फँटसी ७ पुन्हा खेळायचाय: १९९७ चा मूळ गेम की २०२० चा रीमेक?

शाळेत असताना 'फायनल फँटसी ७' खेळलेल्यांना आता नोकरी-संसारातून वेळ काढून तो पुन्हा खेळावासा वाटला, की हा प्रश्न पडतोच. माझं उत्तर आधीच सांगतो: पहिल्यांदा मूळ गेम. कारण रीमेक तुमच्या आठवणींशी बोलतो आणि त्या ताज्या नसतील, तर त्याचं अर्धं बोलणं वाया जातं.

आधी वेळेचा हिशोब. मूळ गेममध्ये मिडगार शहर पाच-सहा तासांत मागे पडतं आणि पुढे अख्खं जग उघडतं. रीमेक मिडगारमध्येच संपतो, आणि त्याला तीसेक तास सहज लागतात. त्याचा दुसरा भाग, 'रीबर्थ', २०२४ मध्ये आला, तोही नायक क्लाउडची सोबतीण एरिथ हिच्या त्या गाजलेल्या प्रसंगापाशी, गोष्टीच्या मध्येच थांबतो. गोष्ट शेवटपर्यंत हवी असेल तर जुन्यालाच पर्याय नाही. त्याच्या प्लेस्टेशन ४ आणि स्विचवरच्या आवृत्त्यांत खेळ तिप्पट वेगाने पळवता येतो, वाटेत अचानक होणाऱ्या लढायाही बंद करता येतात. ही सोय खुशाल वापरा.

दिसण्याबद्दल फार बोलत नाही. जुन्यात माणसांचे हात ठोकळ्यांसारखे आहेत, पार्श्वभूमी धूसर आहे आणि इंग्रजी भाषांतर जागोजागी अडखळतं. तासाभरात डोळे सरावतात. नोबुओ उएमात्सूचं संगीत मात्र आजही तसंच आत शिरतं.

खरा फरक कथेच्या वजनात आहे. सुरुवातीचा अणुभट्टीसारखा माको रिअ‍ॅक्टर आठवा: ग्रहातली ऊर्जा, म्हणजे माको, उपसणारा, आणि क्लाउडची बंडखोर टोळी उडवायला जाते तो. मूळ गेममध्ये बॉम्ब लावायचा, पळायचं आणि ट्रेन पकडायची. रीमेक तुम्हाला स्फोटानंतरच्या सेक्टर ८ या मिडगारच्या भागातून चालवतो: जळणाऱ्या इमारती, सैरभैर माणसं, रस्त्यावरचं रडणं. हे फार ताकदीचं आहे. टोळीतल्या जेसीचं घरही दाखवलंय. तिचे वडील माकोच्या विषबाधेने अंथरुणाला खिळलेत. मूळ गेममध्ये जेमतेम चार संवाद वाट्याला आलेली ही मुलगी इथे जिवाला लागते.

पण याच ठिकाणी रीमेक कच खातो. तो स्फोट मोठा होतो तो रिअ‍ॅक्टरच्या मालक शिनरा कंपनीनेच तो उडवल्यामुळे, असं रीमेक दाखवतो, आणि टोळीचा म्होरक्या बॅरेट याच्या डोक्यावरचं ओझं हलकं होतं. मूळ गेममध्ये तशी सुटका नाही. बऱ्याच पुढे केट सिथ हा सोबती बॅरेटला त्या स्फोटात गेलेल्या माणसांबद्दल जाब विचारतो, आणि इतका तोंडाळ बॅरेट निरुत्तर होतो. लहान वयात तिथे आपण बटण दाबत पुढे जातो. पोरंबाळं असलेल्या वयात मार्लीनच्या या बापाकडे बघताना घसा दाटतो.

लढाईत दोघांची मजा वेगळी. जुन्यात शांतपणे मेनू उघडून विचार करता येतो, आणि मटेरियाच्या, म्हणजे मंत्रशक्ती देणाऱ्या खड्यांच्या, जोड्या लावण्यातच तास जातात. 'रिस्टोअर'ला 'ऑल' जोडलं की एका मंत्रात सगळ्यांच्या जखमा भरतात. रीमेकमध्ये तलवार आपण स्वतः चालवायची. ते जमत नसेल तर 'क्लासिक' मोड निवडा: पात्रं आपापली लढतात, आपण फक्त हुकूम द्यायचे.

रीमेकमधल्या त्या करड्या, भुतांसारख्या सावल्यांवर मात्र सगळं अडतं. कथा जुन्या वाटेवरून सरकू लागली की त्या येऊन ती ओढून परत आणतात. जुनी वाट पक्की पाठ असलेल्याला यात थरार आहे. नुसतं 'क्लाउडची तलवार मोठी होती' एवढंच आठवणाऱ्याला तो गोंधळ वाटेल.

मूळ गेम फोनवरही मिळतो, त्यामुळे लोकलच्या प्रवासातसुद्धा पुढे सरकतो. रीमेकला प्लेस्टेशनसारखा कन्सोल किंवा दमदार पीसी लागतो. आणि पीएस ५ असेल तर साधा रीमेक न घेता 'इंटरग्रेड' घ्या, यूफी या पात्राचा स्वतंत्र भाग त्यात आहे.