आम्स्टलव्हेनमध्ये बाहेर खेळत डच शब्द : पानगळीपासून वसंतापर्यंतचा अनुभव

नेदरलँड्समध्ये मूल चौथ्या वर्षी शाळेत जाऊ लागते आणि पाचव्या वर्षी शिक्षण सक्तीचे होते. त्यामुळे घरात मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्या पालकांना मुलाच्या तिसऱ्या वर्षीच डचची काळजी लागते. चित्रकार्डे बाजूला ठेवून आम्ही आम्स्टरडामजवळच्या आम्स्टलव्हेनमध्ये मुलीला बाहेर नेऊन खेळता खेळता शब्द द्यायचे ठरवले.

वस्तूंची नावे लवकर आली. बेकारांना काम मिळावे म्हणून १९३४ पासून खोदून आणि लावून उभारलेल्या आम्स्टरडाम्से बॉस या सुमारे हजार हेक्टरांच्या वनात ऑक्टोबरमध्ये ओकच्या फळांचा, म्हणजे ‘ऐकल’चा, नुसता सडा असतो, आणि खिसे भरताना तो शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की वेगळी उजळणी लागत नाही. डचमध्ये नामाआधी ‘दे’ किंवा ‘हेट’ हे उपपद येते; त्यातले कोणते, हा प्रश्न मात्र शब्दासोबतच सोडवावा. ‘दे बोम’ (झाड), ‘हेट ब्लाट’ (पान) असे जोडीनेच म्हणावे.

तरीही केवळ नावांवर समाधान मानू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. शाळेत बाई बदकाचे नाव विचारत बसणार नाहीत. जाकीट अडकव, रांगेत मागे उभी राहा, टेबलाखालचे उचल, असे सांगतील. म्हणून आम्ही पाइनचे फळ बाकाखाली, झाडामागे, दगडावर लपवून ‘ऑन्डर’, ‘आख्तर’, ‘ऑप’ असे ओरडत शोधण्याचा खेळ लावला, आणि ‘क्लिमन’, ‘स्प्रिंगन’ हे शब्द चढता-उडी मारतानाच दिले. कार्डांवर ‘मागे’ दाखवणे अवघडच असते. सर्वांत मोठा लाभ मात्र आमच्या शिकवण्याचा नव्हताच: किंडरबुर्डराय, म्हणजे मुलांसाठीचे प्राण्यांचे छोटे शेत, तिथे बहुधा प्रवेशशुल्क नसते, आणि शेळीला ब्रश करण्यासाठी रांगेतल्या मुलांकडून ‘माख इक ओक?’ (मीही करू का?) आणि ‘नॉख अन केअर’ (पुन्हा एकदा) ही अखंड वाक्ये तिने उचलली.

उणिवाही आहेत. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा शनिवार-रविवारवरच भिस्त राहते. आपले उच्चार, विशेषतः ‘हाउस’ (घर) या डच शब्दातला स्वर, मूल जसेच्या तसे घेते, यासाठी सार्वजनिक ग्रंथालयाची चित्रपुस्तके (अठरा वर्षांखालील मुलांना सभासदत्व मोफत असते) डच शेजाऱ्यांकडून वाचून घेतलेली बरी. घरी मराठीच बोलावे, कारण ज्या गोष्टीची जाण मराठीत आहे तिचा डच शब्द पटकन बसतो. मार्चपासून गवतातून परतल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड तपासावी. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाचा धोका तिथे खरा आहे.

ही पद्धत बालवाडीची जागा घेत नाही. बालआरोग्य केंद्राने भाषेसाठी शिफारस केली, तर अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान बालवाडीत ९६० तासांचा कार्यक्रम मिळतो. तो मिळत असेल तर तो आधी घ्यावा.