मान आखडल्यावरची तीन औषधांची गोळी: नऊ महिन्यांचा माझा अनुभव

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज सव्वादोनशे-अडीचशे पोळ्या लाटते, सणावाराला त्याहून जास्त. गेल्या मे महिन्यात एका सकाळी कणीक मळताना डाव्या बाजूला मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत अशी उसण भरली की मान वळवता येईना. हात वर करून पदर सावरणंही जमेना. डाव्या बाजूचं दुखणं आणि त्यात मला बीपी, म्हणून डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. तो नीट आला तेव्हाच त्यांनी मान दाबून बघितली. हे मुद्दाम लिहितेय. आपण बायका खांदा दुखला की बाम चोळून कामाला लागतो, पण छातीत दडपण, घाम, हातात उतरणारी कळ असेल तर घरातली कुठलीही गोळी घेऊन वाट बघत बसू नका.

स्नायू आखडलाय, असं निदान झालं आणि गोळी लिहून मिळाली. एकाच गोळीत तीन औषधं: एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ आणि क्लोरझोक्साझोन २५०. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, पाच दिवस. सोबत सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक गोळी. पहिली दोन दुखणं कमी करतात, त्यातलं एसिक्लोफेनॅक सूजही उतरवतं, तिसरं आखडलेला स्नायू सैल करतं. मला वाटायचं ते थेट मानेवर जाऊन काम करतं. डॉक्टरांनी समजावलं की ते मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर काम करतं. म्हणून नुसती मान सैल होत नाही, सगळं अंग सैल पडतं आणि झापड येते.

गुण आला, हे आधी सांगते. दुसऱ्या रात्री कुशीवर झोपता आलं, चौथ्या दिवशी लाटणं हातात धरलं.

झापडीचा अनुभव मात्र पहिल्याच दिवशी आला. सकाळची गोळी घेऊन अकरा वाजता तव्यासमोर उभी होते. पोळी उलटली, पुढची लाटायला घेतली, आणि एकदम करपल्याचा वास आला. तव्यावरची पोळी काळी पडली होती आणि माझ्या साडीचा काठ शेगडीपासून वीतभर अंतरावर होता. मी उभ्याउभ्या पेंगले होते. त्या दिवसापासून नियम केला की गोळी चालू असताना गॅसजवळ एकटीनं उभं राहायचं नाही आणि स्कूटीची किल्ली मुलीकडे द्यायची. सर्दी-खाज यांच्या बऱ्याच गोळ्यांनीही झोप येते, त्या या गोळीबरोबर घेतल्या तर झापड दुप्पट होते. दारूचं तर नावच नको. आमच्याकडे डबा न्यायला येणारे काही जण दिवसभर पाठीसाठी ही गोळी घेतात आणि रात्री बसतात. झापड वाढते ती वाढतेच, यकृतावर आणि पोटावरही ताण येतो. ज्यांच्या घरी असं चालतं त्यांनी कृपा करून बोला.

तिसऱ्या दिवशी लघवी गडद नारिंगी झाली. मी घाबरून फोन केला. क्लोरझोक्साझोनमुळे काहींना असा रंग येतो आणि औषध थांबलं की जातो, असं कळलं. पण सोबत डोळे पिवळे दिसले, जेवणावरची वासना गेली किंवा उजव्या कुशीत दुखलं, तर गोळी लगेच बंद करून दाखवायला यायचं, असंही त्यांनी बजावलं. या औषधानं क्वचित यकृताला इजा होते.

जुलैत परत मान धरली. डॉक्टरांना विचारून पुन्हा तीच गोळी सुरू केली आणि त्यातच ताप-सर्दी झाली. घरात होती ती तापाची ६५०ची गोळी चार वेळा घेतली, वर सर्दीची दोन वेळा. संध्याकाळी मुलीनं तिन्ही पाकिटं उलटी केली, मोबाइलनं अक्षरं मोठी केली आणि वाणसामानाच्या यादीमागे हिशोब मांडला. मानेच्या दोन गोळ्यांतून ६५०, तापाच्या चारांतून २६००, सर्दीच्या दोनांतून १०००. एकूण ४२५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एका दिवसात. धडधाकट मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४००० ही कमाल मर्यादा, आणि वजन कमी असेल किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी. तीन पाकिटांवर तीन वेगळी नावं, आत मात्र तेच औषध, आणि हे पन्नाशी ओलांडेपर्यंत मला माहीत नव्हतं. त्या रात्री पुढच्या सगळ्या गोळ्या थांबवल्या, डॉक्टरांना हिशोब वाचून दाखवला आणि त्यांनी सांगितलेली रक्ततपासणी केली. ती नीट आली.

तेव्हापासून नाव वाचायच्या आधी मी पाकिटाची मागची बाजू वाचते. नावापुढच्या इंग्रजी अक्षरांवरही जाऊ नका. एकाच नावाची गोळी अक्षर बदललं की वेगळी होते. कशात सूज उतरवणारं वेगळं औषध असतं, कशात स्नायू सैल करणारं औषधच दुसरं, म्हणजे टिझानिडिन किंवा थायोकोल्चिकोसाइड. आमच्या भाऊजींना कंबरेसाठी टिझानिडिनवाली चालू होती, आणि लघवीच्या संसर्गासाठी दुसरीकडून सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आणलं. तासाभरात बीपी इतका उतरला की मोरीत धरून उभं करावं लागलं. ही दोन औषधं एकत्र कधीच द्यायची नसतात. त्यांनी दोन्हीकडे आपल्या चालू गोळ्या सांगितल्याच नव्हत्या.

मलाही एकदा दुकानात 'काकू, ती नाहीये, ही सेमच आहे' म्हणून थायोकोल्चिकोसाइडवाली मिळाली. सेम नव्हती. हे औषध मुळात कळलावीपासून येतं, तीच पावसाळ्यात कुंपणावर चढणारी लाल-पिवळ्या फुलांची विषारी वेल. तिच्या बियांतलं द्रव्य काढून, त्यावर प्रक्रिया करून ते बनवतात. माझ्या माहेरी आजी त्या वेलीला हात लावू द्यायची नाही. २०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी याच्या पोटात घ्यायच्या गोळ्या सलग सात दिवसांपेक्षा जास्त घेऊ नयेत आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊच नयेत, असं सांगितलं. घरात लेकी-सुना असतील, दिवस राहण्याची शक्यता असेल, तर आईची उरलेली गोळी 'तू पण घे' म्हणून देऊ नका. हे मी हात जोडून सांगतेय.

सगळ्यात मोठी चूक गौरी-गणपतीत झाली. पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी, मान ठणकत होती, आणि मी जुनी चिठ्ठीसुद्धा न दाखवता गोळी मागत गेले. मिळत गेली. पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं छापलेलं असतं. पाच दिवसांचे एकोणीस दिवस झाले. पायांवर सूज आली, चपलेचा पट्टा रुतायला लागला. बीपी एरवी १३०/८०च्या आसपास असतो, तो १५४/९६ निघाला. मूत्रपिंड नीट काम करतंय का हे ज्यावरून कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन ०.८ वरून १.३ वर गेलं होतं.

कारण असं, की मी बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त होण्याचं औषध अशी जोडगोळी घेते. त्यात एसिक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक रोज पडलं की मूत्रपिंडाला तिन्हीकडून मार बसतो. पोटाचं अस्तर राखणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवणारी जी द्रव्यं शरीर तयार करतं, त्यांनाच ही वेदनाशामकं आवरतात. दुखणं थांबतं तेही त्यामुळेच. आणि मी तव्यासमोर घाम गाळत, पाणी न पिता उभी. 'मावशी, पाच दिवस लिहिले होते ते उगाच नाही,' एवढंच डॉक्टर म्हणाले. गोळी बंद केल्यावर तीन आठवड्यांत क्रिएटिनिन ०.९ वर आलं. ज्यांना हृदयविकार, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा आहे किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना सांगावंच. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये, पोटात रक्तस्राव होत असू शकतो.

मग एक फिजिओथेरपिस्ट ताई केंद्रावर येऊन माझं लाटणं बघून गेल्या. पाच मिनिटांत म्हणाल्या, 'मावशी, ओटा तुमच्यासाठी उंच आहे. प्रत्येक पोळीला खांदे कानाकडे जातायत.' मी जेवायचा लाकडी पाट पायाखाली घेतला. कोपर खाली आलं, लाटण्यावर जोर अंगाच्या वजनाचा पडायला लागला. दर चाळीस पोळ्यांनंतर हात सोडून मान फिरवते, रात्री गरम पाण्याच्या पिशवीनं शेकते. चार वर्षं मी चुकीच्या उंचीवर लाटत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

गोळी सोडलेली नाही. जानेवारीत संक्रांतीच्या गुळपोळ्यांनंतर मान आखडली तेव्हा डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून तीन दिवस घेतली. रात्रीची गोळी साडेआठला जेवून, झोपायच्या आधी, म्हणजे झापड झोपेतच जिरते. दिवसाची गोळी अडीचला, केंद्र बंद करून. दिवसाला दोन लिटर पाणी. तिसऱ्या दिवशी मान वळली आणि बंद केली.

दहाच्या पाकिटात चार उरल्या आहेत. पाकिटावर मुलीनं मार्करनं सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहिली आहे, आणि गोळी काढताना तो भाग कुणी कापून टाकू नये म्हणून मुदत संपायच्या तारखेभोवती गोल केलाय.