खादी म्हणून घेतलं, निघालं स्लब कॉटन

नाशिकला रविवार कारंजाच्या बाजूला एक कापडाचं दुकान आहे, नाव नाही लिहीत, मला भांडण नकोय. तिथून कुर्त्यासाठी अडीच मीटर कापड घेतलं, ४२० रुपये मीटर. दुकानदार म्हणाला प्युअर खादी आहे ताई, ह्या गाठी बघा ना, हीच तर ओळख. घरी आईला दाखवलं, तर ती येवल्याची, पैठणीच्या नितळ रेशमावर नजर बसलेली, तिला कुठलीही गाठ म्हणजे खोटच वाटते. "फसवलं गं तुला, सूत धड नाहीये." मी म्हटलं आई, खादीत असतंच तसं.

पण मग दुपारी गॅलरीतल्या उन्हात धरून बघितलं आणि मलाच खटकलं. उभा धागा अगदी एकसारखा, आणि आडव्यात जे जाड भाग होते ते सगळे जवळपास एकाच लांबीचे, दोन्ही टोकांना सारखेच निमुळते, वीतभर खाली बोट नेलं की तीच नक्षी परत हजर! हाताने कातलेलं सूत असं शिस्तीत चुकत नाही हो, तिथे पेळू (कातायला घेतलेली कापसाची वळी) संपला, हात ढिला पडला की कुठेही जाड कुठेही बारीक, उभ्यात पण आणि आडव्यात पण. मिलमध्ये हा जाडपणा मुद्दाम आणतात, कताईच्या रोलरचा स्पीड क्षणभर बदलायचा, तेवढ्या जागी कापूस जास्त सरकतो आणि धागा फुगतो. यालाच स्लब म्हणतात, तो डिफेक्ट नाही, पण खादीही नाही.

परत गेले. म्हटलं खादी मार्कचा, म्हणजे अस्सल खादीच्या सरकारी खुणेचा टॅग दाखवा, २०१३ पासून आहे तो. तर "मॅडम, लुक खादीचाच आहे की." ताईची मॅडम झाले लगेच.

कापड तसं वाईट नाही, मे महिन्यात घातलं, घाम छान शोषतं, इस्त्री नसली तरी चालून जातं. फक्त तीन धुण्यांत लव निघाली आणि ती पण बरोबर त्या फुगीर जागांवरच, कारण पीळ बारीक भागाकडे पळतो, जाड भाग सैल राहतो आणि तिथेच घासतं. मशीनमध्ये टाकणार असाल तर उलटा करून टाका.

कापडाला साडेतीन स्टार, दुकानाला एक. बिल मी घरी येऊन वाचलं, त्यावर सरळ "कॉटन शर्टिंग" लिहिलंय.